जोडसाधने आणि दिवाणखान्यातील अंतर : हालचाल-नियंत्रित व्हिडिओ गेमच्या पूरक उपकरणांचा इतिहास, पुण्यातील घरांच्या संदर्भात

सारांश

व्हिडिओ गेमच्या यंत्राला खेळाडूच्या शरीराची हालचाल कळावी यासाठी १९८० च्या दशकापासून अनेक उपकरणे बाजारात आली. यांपैकी पुष्कळशी मूळ यंत्रासोबत आली नाहीत. ती नंतर, वेगळ्या खोक्यातून आणि वेगळ्या किमतीला आली. प्रस्तुत शोधनिबंधात अशा उपकरणांना 'जोडसाधने' ही संज्ञा वापरली आहे. जोडसाधन हे मूळ यंत्राच्या रचनेत गृहीत धरलेले घर व शरीर आणि प्रत्यक्षातील घर व शरीर यांतील तफावतीचा पुरावा असते, असे प्रतिपादन येथे केले आहे. पुण्यातील मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या मोजमापांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, जोडसाधन, मोशनप्लस, किनेक्ट, भौतिक संस्कृती, दिवाणखाना, पुणे

प्रस्तावना

पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती आणि स्वयंपाकघरातील भांडी ज्या आस्थेने मांडली आहेत, ती आस्था इतिहासलेखनात मात्र उशिरा आली. दस्तऐवज, ताम्रपट, बखर आणि पत्रव्यवहार यांवर पोसलेल्या आपल्या इतिहासाभ्यासात घरगुती वस्तूला बराच काळ दुय्यम साधन मानले गेले. अडकित्त्याची मूठ पाहिली की तो कोणत्या हातासाठी घडवला होता हे कळते. दिव्याची उंची पाहिली की तो जमिनीवर बसणाऱ्याच्या शेजारी ठेवायचा होता की कोनाड्यात, हे कळते. वस्तू वापरणाऱ्याचे शरीर आणि त्याचे घर अशा रीतीने वस्तूच्या आकारात नोंदले गेलेले असते.

हीच दृष्टी गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना लावून पाहावी, असा या निबंधाचा हेतू आहे. विषय हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु शहरी महाराष्ट्रातील ज्या पिढीचे बालपण १९९० नंतर गेले, तिच्या घरातील टीव्हीसमोरच्या जागेचा इतिहास लिहायचा तर या वस्तू टाळता येणार नाहीत. या वस्तू आता झपाट्याने नाहीशा होत आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या वायरी, रिमोट आणि अॅडाप्टर यांच्या ढिगात एखादे जोडसाधन सापडले, तरी ते कशाला जोडायचे होते हे सांगणारे माणूस सापडेलच असे नाही.

निबंधासाठी मुख्यतः उपकरणांची रचना, उत्पादकांनी जाहीर केलेली माहिती आणि वापरासंबंधीच्या त्यांच्या सूचना यांचा आधार घेतला आहे. विक्रीच्या आकड्यांपेक्षा वापराच्या सूचना इतिहासकाराला अधिक उपयोगी पडतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. खेळाडूने कोठे उभे राहावे, किती अंतरावर, कोणत्या उजेडात, हे त्यांत स्पष्ट लिहिलेले असते. आणि त्यातूनच उत्पादकाच्या मनातील घर दिसू लागते.

बंदूक आणि पंजा

मराठी घरांत हालचालीवर चालणारे पहिले जोडसाधन बहुधा प्लॅस्टिकची बंदूक हे होते. जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र काढले व १९८५ पासून ते अमेरिकेत वेगळ्या रूपात विकले. त्याच धर्तीची यंत्रे १९९० च्या दशकात भारतात 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आली. पुण्यात त्यांना सरसकट 'टीव्ही गेम' किंवा नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत. खेळाच्या कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत, तर हातातील नियंत्रकाला 'रिमोट', मग त्याला वायर का असेना. बंदूक काही संचांत सोबत मिळे, काही वेळा वेगळी घ्यावी लागे. तिने पडद्यावरील बदके मारायची असत.

या बंदुकीतून काही बाहेर पडत नसे. तिच्या नळीत प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक घटक होता. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीला तो उजेड दिसला तर नेम लागला असे यंत्र मानी. ही सारी युक्ती काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत चित्र ज्या वेगाने व क्रमाने रेखाटले जाते त्यावर अवलंबून होती. पुढे घरोघरी सपाट पडद्याचे टीव्ही आले आणि ही बंदूक एका दिवसात निकामी झाली. तिच्यात बिघाड झालेला नव्हता. बदलला होता तो टीव्ही. जोडसाधनाचे आयुष्य त्याच्या स्वतःच्या मजबुतीवर ठरत नाही, हा या इतिहासातील पहिला धडा येथेच मिळतो.

त्याच सुमारास अमेरिकेत मॅटेल कंपनीने १९८९ मध्ये 'पॉवर ग्लोव्ह' हा हातमोजा आणला. मूळ कल्पना संशोधनशाळेतील महागड्या हातमोज्याची होती. ती खेळण्याच्या किमतीत बसवताना बरीच काटछाट झाली. टीव्हीभोवती काटकोनी पट्टी बसवून तिच्यावर तीन ध्वनिग्राहक लावायचे, हातमोज्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघायचा आणि तो तिन्ही ठिकाणी पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून हात कोठे आहे ते ठरायचे. बोटे वाकली की त्यांवरील विद्युतवाहक शाईच्या पट्ट्यांचा रोध बदले. हातमोजा दिसायला भव्य होता, पण वापरायला त्रासदायक. खास त्याच्यासाठी तयार झालेले खेळ दोनच निघाले आणि साधारण वर्षभरात उत्पादन थांबले. भारतात तो पोहोचला नाही असेच म्हणावे लागेल. तरीही त्याचा उल्लेख आवश्यक आहे, कारण खेळाडूचा हात हेच नियंत्रक व्हावे ही इच्छा आणि त्यासाठी टीव्हीभोवती काहीतरी बांधावे लागते ही अडचण, दोन्ही पुढील सर्व प्रयत्नांत कायम राहिल्या.

'वी' आणि मोशनप्लस : भोवऱ्याचे तत्त्व

या इतिहासातील खरा टप्पा नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू होतो. निंटेंडोने 'वी' हे यंत्र बाजारात आणले. त्याचा नियंत्रक टीव्हीच्या रिमोटसारखा होता आणि कंपनीने त्याला नावही 'वी रिमोट' असेच दिले. (पुण्यातील मुले वायरीच्या नियंत्रकाला पंधरा वर्षे 'रिमोट' म्हणत होती, ती या अर्थाने काळाच्या पुढे होती असे विनोदाने म्हणता येईल.) दोन पेन्सिल सेलवर चालणारा हा नियंत्रक हातात धरून टेनिसची रॅकेट फिरवल्यासारखा फिरवायचा, पडद्यावरील खेळाडू तसाच फटका मारी. आजी-आजोबांनाही खेळता येणारे हे पहिलेच यंत्र ठरले. जगभरात त्याची विक्री दहा कोटींच्या वर गेली.

या नियंत्रकाच्या आत त्वरण मोजणारी एक सूक्ष्म चिप होती. तिची मर्यादा समजून घेतल्याशिवाय पुढील जोडसाधनाचे महत्त्व कळणार नाही. त्वरणमापक हा गुरुत्वाकर्षण आणि हाताचा झटका या दोहोंची बेरीज मोजतो. नियंत्रक स्थिर असेल तेव्हा तो कोणत्या बाजूला कलला आहे हे गुरुत्वाच्या दिशेवरून कळते. मात्र हात वेगाने फिरला की गुरुत्व किती आणि झटका किती याची फोड करता येत नाही. शिवाय नियंत्रक उभ्या आसाभोवती डावी-उजवीकडे फिरवला तर गुरुत्वाची दिशा त्याच्या दृष्टीने बदलतच नाही; म्हणजे हे फिरणे त्याला जाणवतच नाही. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीची थोडी मदत होई. तिला 'सेन्सर बार' म्हणत असले तरी तिच्यात कोणताही सेन्सर नव्हता. दोन टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे तेवढे होते आणि ते पाहणारा कॅमेरा नियंत्रकाच्या टोकाला होता. पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी काम भागे. पण नियंत्रक टीव्हीच्या दिशेने रोखलेला असेपर्यंतच हे शक्य होते. फटका मारताना तो तसा राहत नाही.

परिणामी खेळाडूंना लवकरच एक गोष्ट उमगली : पूर्ण हात फिरवण्याची गरज नाही. मनगटाला छोटासा हिसका दिला तरी यंत्राला तो जोरदार फटका वाटतो. सोफ्यावर बसून टेनिस जिंकता येऊ लागले. जाहिरातीत दाखवलेली हालचाल आणि यंत्राला खरोखर कळणारी हालचाल यांतील ही दरी भरून काढण्यासाठी निंटेंडोने जुलै २००८ मध्ये 'वी मोशनप्लस' जाहीर केले आणि जून २००९ मध्ये ते बाजारात आणले. अमेरिकेत त्याची स्वतंत्र किंमत वीस डॉलरच्या आसपास होती.

मोशनप्लस हा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा ठोकळा. तो नियंत्रकाच्या खालच्या टोकाला बसवायचा. त्याच्या मागे पुन्हा दुसरे उपकरण जोडण्यासाठी खाच ठेवलेली होती. त्याच्या आत परिवलन मोजणारे सूक्ष्म घटक होते. दोन आसांसाठीचा घटक अमेरिकेतील इन्व्हेनसेन्स कंपनीचा व तिसऱ्या आसासाठीचा एप्सन टोयोकॉम या जपानी कंपनीचा. याला जायरोस्कोप म्हणतात, म्हणून भोवऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही आणि जुन्या यांत्रिक जायरोस्कोपमध्ये त्याचाच उपयोग करीत. चिपमध्ये मात्र भोवरा फिरत नाही. तेथे सिलिकॉन वा क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म तुकडे सतत कंप पावत असतात. उपकरण वळले की ते मूळ रेषेपासून किंचित बाजूला ढकलले जातात. जत्रेतील फिरत्या चक्रावर चालू पाहणाऱ्या माणसाला आपण बाजूला ओढले जात आहोत असे वाटते, तोच हा प्रकार. बाजूला सरकण्याच्या प्रमाणावरून वळण्याचा वेग कळतो.

दोन आंधळी साक्षीपुरावे एकत्र आणून घटना उभी करावी, तसे हे आहे. त्वरणमापकाला वळण दिसत नाही. जायरोला वळण दिसते पण खाली-वर कळत नाही, आणि त्याची लहान चूक साठत साठत मोठी होते. म्हणूनच मोशनप्लस लावल्यावर अधूनमधून नियंत्रक सपाट पृष्ठभागावर क्षणभर स्तब्ध ठेवण्याची सूचना पडद्यावर येई. दोहोंची सांगड घातल्यावर मात्र तलवार किती अंशांत कलली आहे हेही यंत्राला समजू लागले. २०१० च्या 'रेड स्टील २' आणि २०११ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड सोर्ड' या खेळांना ते अनिवार्य होते. २०१० मध्येच निंटेंडोने हा ठोकळा नियंत्रकाच्या आत सामावून घेतला. जोडसाधन म्हणून त्याचे आयुष्य अशा रीतीने दीड वर्षातच संपले. तो फसला म्हणून नव्हे, तर तो मुळातच आत असायला हवा होता हे कंपनीने मान्य केले म्हणून.

मोशनप्लसची चर्चा करताना एक साधे जोडसाधन विसरले जाते : मनगटाला अडकवायचा दोर. यंत्र बाजारात आल्यावर महिनाभरातच नियंत्रक हातातून निसटून टीव्हीवर आदळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख दोर बदलून अधिक जाड दोर देण्याची घोषणा केली. २००७ मध्ये नियंत्रकाला रबरासारखे मऊ आवरणही मोफत देण्यात आले. उत्साहाने हात फिरवा असे सांगणाऱ्या कंपनीला, लोक खरोखरच उत्साहाने हात फिरवतील याचा अंदाज आला नव्हता. शरीराविषयीचे गृहीतक इतक्या स्वच्छपणे उघडे पडण्याचे उदाहरण विरळाच.

अमेरिकेतून आलेले खोके

सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपली यंत्रे भारतात रीतसर विकली. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये व प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये येथे आले. निंटेंडोने मात्र त्यांच्यासारखी स्वतःची विक्रीव्यवस्था भारतात उभी केली नाही. त्यामुळे पुण्यातील कित्येक घरांत 'वी' आले ते प्रवासी बॅगेतून. हिंजवडीतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची माणसे कामानिमित्त अमेरिकेत जाऊन येत होती. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत भावंडांकडे भेटी आणत होती. भेटवस्तूंच्या या वाहतुकीचा स्वतंत्र अभ्यास झाला पाहिजे.

अमेरिकन 'वी' पुण्यात आल्यावर त्याला लागणारे पहिले जोडसाधन मोशनप्लस नव्हते. त्याचा अॅडाप्टर केवळ १२० व्होल्टचा होता आणि आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. थेट जोडल्यास अॅडाप्टर जळणार हे उघड होते. त्यामुळे बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात, विजेचा दाब कमी करणारा जड ट्रान्सफॉर्मर किंवा दुसरा योग्य अॅडाप्टर शोधणे क्रमप्राप्त होते. शिवाय हे यंत्र प्रदेशबद्ध होते. अमेरिकेतील यंत्रावर युरोपसाठी काढलेल्या तबकड्या चालत नसत. म्हणजे नवीन खेळ हवा असेल तर तोही पुढच्या सुटीत अमेरिकेतूनच येणार. मोशनप्लसला मात्र प्रदेशाचे बंधन नव्हते. ते कोठूनही घ्या, कोठेही लावा. हालचाल अचूक करणारे उपकरण मुक्त आणि खेळ मात्र बंदिस्त, अशी ही चमत्कारिक स्थिती होती.

याच काळात नियंत्रकावर चढवायच्या प्लॅस्टिकच्या खोळींचे संच सर्वत्र विकले जात. टेनिसची रॅकेट, गोल्फची काठी, बेसबॉलची बॅट, मोटारीचे स्टीअरिंग. त्यांत कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स नव्हते. अचूकता त्याने तिळभरही वाढत नव्हती, उलट हाताची पोच वाढून पंख्याला वा ट्यूबलाइटला धक्का बसण्याची शक्यता वाढे. तरीही लोकांना त्या आवडत. ते समजण्यासारखे आहे, कारण हातात वजन आणि लांबी आल्याशिवाय फटक्याला फटकेपण येत नाही. मात्र या संचांतील खेळांची यादी कोणत्या समाजाच्या क्रीडाविश्वातून आली आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

क्रिकेटची बॅट

हा प्रश्न महाराष्ट्रातच एकदा थेट हाताळला गेला. सोनीने सप्टेंबर २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ साठी 'मूव्ह' हे जोडसाधन आणले. काठीच्या टोकाला पिंगपाँगच्या चेंडूसारखा उजळणारा गोळा आणि टीव्हीजवळ कॅमेरा अशी त्याची रचना होती. गोळ्याचा पडद्यावरील आकार किती यावरून हात किती दूर आहे हे कॅमेऱ्याला कळे आणि काठीतील त्वरणमापक, जायरो व चुंबकीय होकायंत्र यांवरून तिचा कल कळे. होकायंत्र जायरोची साठलेली चूक दुरुस्त करी. लोखंड जवळ असले की होकायंत्र भरकटते हा शाळेतील पाठ येथेही लागू होतोच. आपल्या खोल्यांतील लोखंडी कपाटांची संख्या लक्षात घेता तो विसरून चालणार नाही.

मुंबईतील ट्राइन गेम्स या संस्थेने सोनीच्या यंत्रांसाठी 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा खेळ २०१० मध्ये तयार केला होता. त्याच संस्थेने पुढे, २०१२ मध्ये, 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' हा खेळ केला. बाहेरून आलेल्या हालचाल-नियंत्रकावर गल्लीतील क्रिकेट बसवण्याचा हा प्रयत्न. बेसबॉलमध्ये बॅट आडवी आणि पूर्ण जोराने फिरते. त्वरणमापकाला ओळखायला याहून सोपी हालचाल नाही. क्रिकेटमध्ये बॅट खाली टेकलेली असते, फटक्याची दिशा बॅटच्या तोंडाच्या कलावर ठरते आणि चेंडू अडवण्याच्या फटक्यात तर हालचाल जवळजवळ नसतेच. न हलवणे हाही येथे खेळ आहे. झटका मोजणाऱ्या यंत्राला ते समजत नाही. कल मोजणाऱ्या यंत्राला समजू शकते. त्यामुळे क्रिकेट हे हालचाल-नियंत्रणाच्या अचूकतेची खरी कसोटी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र क्रिकेटची बॅट दोन हातांनी धरतात आणि मूव्हची काठी वीतभर लांबीची. दुसऱ्या हाताने काय धरायचे, हा प्रश्न उरतोच.

येथे गल्लीतील क्रिकेटविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. सदाशिव पेठेतील वाड्याच्या चौकात असो की कोथरूडच्या सोसायटीतील पार्किंगमध्ये, जागा कमी पडली तेव्हा मुलांनी नियम बदलले. एक टप्पा एक हात झेल म्हणजे बाद. भिंतीपलीकडे गेलेला चेंडू म्हणजे बाद. समोरच्या काकूंच्या खिडकीला लागला तर खेळच बंद. जागेनुसार खेळ घडवण्याची ही मुभा विकत घेतलेल्या यंत्रात नसते. तेथे नियम पक्के असतात. बदलायचे ते घर, किंवा मग विकत घ्यायचे ते जोडसाधन.

किनेक्ट आणि दहा बाय बाराची खोली

जागेचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो किनेक्टमुळे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी हे जोडसाधन आणले. त्याच महिन्यात ते सुमारे दहा हजार रुपयांना भारतातही आले. हातात काहीच धरायचे नाही, खेळाडूचे शरीर हेच नियंत्रक, असा त्याचा दावा होता. इस्रायलमधील प्राइमसेन्स या कंपनीच्या तंत्राने ते खोलीभर अवरक्त प्रकाशाचे हजारो ठिपके फेकी आणि ते वस्तूंवर कसे विस्कळित पडतात त्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढी. पहिल्या साठ दिवसांत जगभरात ऐंशी लाख किनेक्ट विकले गेले.

वापराच्या सूचनेत अंतर स्पष्ट दिले होते : एका खेळाडूसाठी सुमारे ६ फूट, दोघांसाठी सुमारे ८ फूट. आता पुण्यातील दहा बाय बारा फुटांच्या दिवाणखान्याचे उदाहरण घेऊ. टीव्हीचे टेबल दीड फूट खोल आणि समोरच्या भिंतीलगतचा दिवाण तीन फूट रुंद. टीव्ही आखूड भिंतीला असेल तर लांबीचे १२ फूट मिळतात. त्यांतून साडेचार वजा केले की साडेसात उरतात. एक जण खेळू शकतो, दोघांसाठी अर्धा फूट कमी पडतो. टीव्ही लांब भिंतीला असेल, आणि खिडकी व दाराच्या जागांमुळे तो बहुधा तेथेच असतो, तर १० मधून साडेचार जाऊन साडेपाच फूट राहतात. एकट्याचेही भागत नाही. मधला टीपॉय उचलून स्वयंपाकघरात नेला तरी हिशेब बदलत नाही. दिवाण हलवायचा तर तो जायचा कोठे, कारण रात्री त्यावर कोणीतरी झोपणार असते. एका खोलीने बैठक, जेवण, अभ्यास आणि झोप ही सर्व कामे करायची, ही आपल्या घरांची रीत किनेक्टच्या रचनाकारांसमोर नव्हती.

अंतर पुरले तरी उजेडाचा प्रश्न होता. थेट ऊन अवरक्त ठिपक्यांना गिळून टाकते, म्हणून ते टाळण्याची सूचना होती. पश्चिमेच्या बाल्कनीचे दार उघडे ठेवून संध्याकाळी वारा घेण्याच्या वेळीच मुलांची खेळण्याची वेळ असते. अंगावरील सैल कपड्यांनीही ओळख बिघडे. साडी नेसलेल्या आजीच्या गुडघ्यांचा शोध यंत्राने कसा घ्यावा, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यापेक्षा मूलभूत गोष्ट बसण्याची. किनेक्टला शरीराचे अवयव ओळखायला कसे शिकवले, याचा तपशील मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आहे. त्यांनी सुमारे पाच लाख चौकटींचा हालचालींचा संग्रह वापरला. उदाहरणादाखल दिलेल्या हालचाली वाहन चालवणे, नाचणे, लाथ मारणे, पळणे आणि मेन्यूतून निवड करणे या आहेत. मांडी घालून बसणे त्यांत उल्लेखिलेले नाही. बसलेल्या माणसासाठीची वेगळी सोय संगणकाच्या किनेक्टमध्ये मे २०१२ मध्ये आली आणि तीतही कमरेवरच्या दहा सांध्यांचाच माग घेतला जाई. येथे कोणावर हेतूचा आरोप करावयाचा नाही. प्रत्येक यंत्र काही शरीरे गृहीत धरूनच बनते. मात्र ते गृहीतक नोंदवणे हे इतिहासकाराचे काम आहे.

अंतराच्या अडचणीवर उत्तर मूळ कंपनीने दिले नाही. ते तिसऱ्याच कंपनीने दिले. अमेरिकेतील नायको या कंपनीने २०११ मध्ये 'झूम' नावाचे एक जोडसाधन आणले. किनेक्टच्या डोळ्यांवर चष्म्यासारखी बसवायची रुंद कोनाची भिंगे, एवढेच ते होते. त्यामुळे लागणारे अंतर चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होते असा दावा होता. तो शब्दशः खरा धरला तर दोघांसाठीचे आठ फूट पाचाच्या आत येतात आणि आपल्या साडेपाच फुटांच्या दिवाणखान्यात दोन भावंडे उभी राहू शकतात. परीक्षणे संमिश्र होती. भिंगातून ठिपक्यांची जाळी वाकडी होणे अपरिहार्य होते आणि काही खेळांत हातपाय चुकीच्या जागी दिसत. तरीही या दोन-तीनशे ग्रॅमच्या आतल्या प्लॅस्टिकच्या वस्तूचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे. लहान घराचा प्रश्न फक्त पुण्याचा नव्हता, तर न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोचाही होता, हे ती सिद्ध करते. मोशनप्लस यंत्राची उणीव भरून काढत होते. झूम घराची 'उणीव' भरून काढू पाहत होते. पहिल्या प्रकारची जोडसाधने कंपनीच्या इतिहासात सन्मानाने नोंदली जातात, दुसऱ्या प्रकारची विस्मरणात जातात. आपल्यासारख्या प्रदेशांचा इतिहास मात्र दुसऱ्या प्रकारातच अधिक सापडतो.

उत्तरकाल

किनेक्टची दुसरी आवृत्ती २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसोबत सक्तीने दिली गेली. वर्षभरातच ती सक्ती मागे घ्यावी लागली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. प्राइमसेन्स २०१३ मध्ये अॅपलने विकत घेतली. ठिपक्यांची जाळी फेकून चेहरा ओळखणे २०१७ पासून आयफोनमध्ये आले. खोलीभर पसरलेली जाळी हातभर अंतरावरील चेहऱ्यापुरती आखडली. निंटेंडोने २०१८ मध्ये 'लॅबो' हे पुठ्ठ्याचे जोडसाधन आणि २०१९ मध्ये 'रिंग फिट' हे व्यायामाचे कडे काढले. दोन्हींचे खेळ त्यांच्या नव्या नियंत्रकांतील जायरोवर विसंबून आहेत. ही दोन्ही उपकरणे आपल्याकडे विरळ.

जायरो मात्र पुण्यात सर्वत्र पोहोचला, तो वेगळ्या वाटेने. जून २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये त्याचा समावेश झाला आणि पुढे तो इतर मोबाइलमध्येही आला. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ २०२१ मध्ये भारतात सुरू झाला. तो खेळणारी मुले बंदुकीचा नेम स्थिर ठेवण्यासाठी फोन किंचित कलवतात आणि त्याला सरळ 'जायरो' म्हणतात. 'जायरो ऑन ठेवतोस का?' हा प्रश्न महाविद्यालयाच्या कट्ट्यावर सहज ऐकू येतो. स्वस्त फोनपैकी काहींत ही चिप नसते, म्हणून दुकानात रंग आणि कॅमेऱ्याआधी तिची चौकशी होते. मोशनप्लसच्या ठोकळ्यात २००९ मध्ये जे होते तेच हे. आता त्याला सहा फूट लागत नाहीत. दिवाणावर मांडी घालून, भिंतीला टेकून, दोन अंशांच्या कलाने ते चालते. आणि टीव्हीसमोरची जागा पूर्वीसारखीच टीपॉयसाठी मोकळी राहते.